लोखंडी टेबल, लाकडी खुर्ची



श्रीपूरच्या आमच्या घरात जेवणाचं टेबल आहे. साखर कारखान्यात फिटर असलेल्या आजोबांनी लोखंडी अँगल वेल्ड करून ते बनवलं. गेल्या दिवाळीत नव्या सागवानी खुर्च्या घ्यायचं ठरलं. आई म्हणाली, "हे टेबल आता भंगारात देऊन टाकू." आजोबा काहीच बोलले नाहीत. तेव्हा मी 'डॅनिश मॉडर्न' फर्निचरचा अभ्यास सुरू केला.

हान्स वेग्नरची १९४९ ची 'विशबोन' खुर्ची लाकडी. तिची बैठक सुमारे १२० मीटर कागदी दोरीने विणतात. आपल्या बाजेची चुलत बहीणच! आर्ने याकोबसेनची १९५२ ची 'मुंगी' खुर्ची तर नोवो या औषध कंपनीच्या कँटीनसाठी केलेली. वर वाकवलेलं प्लायवूड, खाली पोलादी पाय. म्हणजे लाकूड आणि लोखंड यांचं वैर नाहीच.

मात्र तीन गोष्टी पाळाव्यात :

१) टेबल ७५ सेंमी, बैठक ४५ सेंमी उंच असावी.
२) टेबल जड दिसत असेल तर खुर्च्या हलक्या, निमुळत्या पायांच्या घ्याव्यात.
३) एक मटेरियल दोन्हींत हवं. आम्ही टेबलावर सागाच्या फळ्या बसवल्या. पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं, म्हणून स्क्रूसाठी अँगलला लांबट भोकं पाडली.

टेबलाची उंची मोजली, तर फळ्यांसकट बरोब्बर ७५ भरली! आजोबांनी टेबल दोन्ही हातांनी हलवून पाहिलं आणि म्हणाले, "वेल्डिंग अजून हललं नाही बघ."