फिशिंगचा इशारा व त्याच्या कारणाचा शोध

शाळेच्या संगणकावर माहिती भरण्याचे काम चालू असते. कोणतेही संशयास्पद संकेतस्थळ उघडलेले नसते. तरीही पडद्याच्या कोपऱ्यात ‘फिशिंगचे संकेतस्थळ अडविले’ असा अँटिव्हायरसचा इशारा पुनःपुन्हा उमटतो. फिशिंग म्हणजे गळाला आमिष लावावे त्याप्रमाणे खोटे पान पुढे करून परवलीचा शब्द काढून घेणे. ज्या संगणकावरून ‘यू-डायस प्लस’ व ‘शालार्थ’ यांची कामे होतात, तेथे हा शब्द परक्याच्या हाती गेला, तर मुलांची माहिती व शिक्षकांच्या वेतनाचा तपशील दोन्ही उघडे पडतात. इशाऱ्याचा उपद्रव होतो म्हणून अँटिव्हायरसच बंद करून टाकणे हा उपाय नव्हे. दुर्दैवाने तोच सर्वांत सोपा वाटतो.

प्रथम इशारा खरा आहे की नाही, हे पाहावे. एखाद्या संकेतस्थळाला सूचना पाठविण्याची अनुमती नकळत दिली गेली असेल, तर ते ‘आपल्या संगणकात विषाणू शिरला आहे’ अशा खोट्या सूचना धाडीत राहते. असे इशारे ब्राउझरमधून येतात व त्यांवर संकेतस्थळाचे नाव असते. ती अनुमती काढून घेतली की ते थांबतात. खऱ्या इशाऱ्याची नोंद मात्र अँटिव्हायरसच्या स्वतःच्या नोंदवहीत सापडते. अडविलेला पत्ता, वेळ व पुष्कळदा तो पत्ता मागणाऱ्या कार्यक्रमाचे नावही तेथे असते. ही नोंद कागदावर उतरून घ्यावी.

तेथे ब्राउझरचे नाव आढळले, तरी दोष ब्राउझरचाच असेल असे नाही. ब्राउझरला जोडलेले छोटे कार्यक्रम, म्हणजे एक्स्टेन्शन, त्याच्याच नावाखाली पडद्याआड काम करीत असतात. म्हणून एकही पान उघडलेले नसताना इशारा येऊ शकतो. कोणते एक्स्टेन्शन दोषी, हे त्या नोंदीवरून सहसा कळत नाही.

यासाठी सर्व एक्स्टेन्शन बंद करून पाहावे. इशारे तरीही आले, तर कारण अन्यत्र आहे. थांबले, तर निम्मी चालू करावीत. इशारा आला तर दोषी चालू असलेल्यांत, न आला तर उरलेल्यांत. संशयित गटाचे पुन्हा दोन भाग करावेत. आठ एक्स्टेन्शन असतील, तर तीन परीक्षांत एकच उरते. मनात धरलेली संख्या निम्मे-निम्मे करून ओळखण्याचा जो खेळ वर्गात घेतला जातो, तोच हा. मात्र इशारा तासाभराने येत असेल, तर प्रत्येक परीक्षेस तासापेक्षा अधिक अवधी द्यावा. पाच मिनिटांत निर्णय केल्यास निर्दोष गटावर ठपका येतो व दोषी सुटतो. दोन्ही भागांत इशारा आला, तर दोषी एकाहून अधिक आहेत असे समजावे. ही परीक्षा चालू असता कोठेही परवलीचा शब्द लिहू नये.

‘हे तर कित्येक वर्षे वापरात आहे’ एवढ्यावरून कोणत्याही एक्स्टेन्शनला वगळू नये. न वापरलेली पाने निजवून संगणकाचा भार हलका करणारे ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लाखो लोकांच्या विश्वासातले होते. 2020 मध्ये मूळ कर्त्याने ते दुसऱ्याच्या स्वाधीन केले आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते घातक ठरवून आपल्या भांडारातून काढले. एक्स्टेन्शन आपोआप अद्ययावत होत असल्याने मालक बदलल्याचे वापरणाऱ्यास कळतही नाही. ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ अशी अनुमती ज्याला दिली आहे, त्याची परीक्षा आधी घेणे इष्ट.

दोषी सापडल्यावर ते नुसते बंद न ठेवता काढून टाकावे. तेच खाते दुसऱ्या संगणकावर चालू असेल, तर तेथेही पाहावे. समक्रमणामुळे तेच एक्स्टेन्शन तेथे असण्याचा संभव असतो. त्यानंतर, निर्धोक संगणकावरून, त्या काळात वापरलेले सर्व परवलीचे शब्द बदलावेत. प्रारंभ ई-मेलच्या खात्यापासून करावा, कारण इतर खात्यांचे शब्द बदलण्याची वाट तेथूनच जाते.