विहिरीत पडलेला कोल्हा

उमरीसारख्या गावाच्या शिवारात बिनकठड्याच्या विहिरीत रात्री कोल्हा पडला, तर सकाळी काठावर गर्दी जमते व कोणी दगडही मारतो. वास्तविक कोल्हा शेतातील उंदीर खातो; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास संरक्षणही दिले आहे.

अशा वेळी प्रथम माणसे व कुत्री दूर न्यावीत. पाणी खोल असल्यास दोरांनी बांधलेली बाज हळूच खाली सोडावी. दमलेल्या जनावरास आधार मिळतो. कोणीही आत उतरू नये. भ्यालेला प्राणी चावतो व रेबीजचा धोका संभवतो. वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे.

गृहपाठ : वडीलधाऱ्यांस विचारून बिनकठड्याच्या विहिरींची यादी करा. कठड्यामुळे जनावरे वाचतात, तशीच मुलेही.