मल्टिपल स्क्लेरोसिस आणि व्यायामाची मात्रा

मेंदू व मज्जारज्जू यांतील बहुतेक तंतूंवर मायेलिन या स्निग्ध द्रव्याचे आवरण असते. त्यामुळे संदेश वेगाने वाहतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच या आवरणावर उलटते आणि ठिकठिकाणी कठीण चट्टे उरतात. १८६८ साली पॅरिसच्या शार्को यांनी या चट्ट्यांचा व लक्षणांचा संबंध स्पष्ट केला. हा विकार बहुधा वीस ते चाळीस या वयात, म्हणजे ऐन उमेदीत, प्रकट होतो.

भौतिकोपचाराने मायेलिन पुन्हा निर्माण होत नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. परंतु रोग्याच्या दुर्बलतेचा बराच भाग रोगाचा नसून निश्चलतेचा असतो, आणि तो टाळता येतो.

ही गोष्ट उमगण्यास फार काळ लागला. १८९० साली ऊथॉफ या जर्मन नेत्रवैद्याला असे आढळले, की श्रमानंतर काही रोग्यांची दृष्टी अंधुक होते. दोष श्रमाचा मानला गेला. वस्तुतः तो वाढलेल्या तापमानाचा होता. आवरण गमावलेल्या तंतूतील संदेश अर्ध्या अंशाच्या वाढीनेही अडखळतो आणि शरीर निवले की पूर्ववत होतो. (रोग्याला ऊन पाण्यात बसवून निदान करण्याची पद्धतही पूर्वी होती!) या समजुतीमुळे कित्येक दशके रोग्यांना विश्रांतीच सांगितली गेली. परिणामी स्नायू क्षीण झाले, सांधे आखडले. १९९६ साली अमेरिकेतील यूटा येथील अभ्यासात पंधरा आठवड्यांच्या नियमित व्यायामाने रोग्यांची क्षमता वाढल्याचे दिसले, तेव्हा हे मत पालटू लागले.

तेव्हा प्रश्न उरतो तो मात्रेचा. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने तेथील सकाळ वर्षातील बहुतेक काळ सौम्य असते; व्यायामास हीच वेळ योग्य. एप्रिलच्या दुपारी मात्र पारा चौतीस अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत पंखा, ओला पंचा व थंड पाणी जवळ ठेवावे आणि थोड्या व्यायामानंतर थोडी विश्रांती असा क्रम ठेवावा. पोटऱ्या व मांड्यांचा ताठरपणा कमी करण्यासाठी स्नायू सावकाश ताणून धरावा. झटका दिल्यास ताठरपणा उलट वाढतो. तोल सावरण्याचा सराव भिंतीलगत किंवा भक्कम टेबलाशी करावा. पाऊल लोंबत असेल तर घोट्याला आधारपट्टी उपयोगी पडते. ओल्या न्हाणीघरात धरावयास दांडी बसवणे, हा तर व्यायामाइतकाच महत्त्वाचा उपचार होय.

बंगळूरमध्ये १९७४ साली स्थापन झालेल्या निम्हान्स या संस्थेत मज्जाविकारांच्या रोग्यांसाठी पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे. मुंबईत १९८५ साली सुरू झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची शाखाही त्या शहरात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या विकाराचा नावानिशी समावेश झाला.

कुटुंबीयांना सर्वांत कठीण जाते ते थकवा समजणे. रोगी धडधाकट दिसतो, म्हणून त्याच्यावर आळसाचा ठपका येतो. हा थकवा झोपेने जाईलच असे नाही. म्हणून तज्ज्ञ दिवसाच्या कामांची वाटणी करून देतो: भाजी बसून चिरावी, स्नान व बाजार एकाच सकाळी नकोत. बाजारात चाकांची खुर्ची वापरल्याने घरातल्या घरात चालण्याचे बळ शिल्लक राहत असेल, तर ती खुर्ची अवश्य वापरावी.