सौर उष्णतेचे संकलन व उपयोग

मुलुंड-बोरिवलीतील इमारतींच्या गच्चीवर आपण सौर बंब पाहिला असेल. त्याच्या सपाट संकलकातील काळा पत्रा ऊन शोषतो, वरची काच उष्णता अडवते आणि पाणी सुमारे ६०° सेल्सिअसपर्यंत तापते. स्नानाला एवढे पुरते. वाफेसाठी मात्र ऊन एकवटावे लागते. त्यासाठी शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर २००९ मध्ये ७३ अंतर्वक्र परावर्तक बसविण्यात आले. त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचे अन्न शिजू लागले. परावर्तकाला थेट ऊनच हवे. सपाट संकलक ढगांतून विखुरलेला प्रकाशही शोषतो. म्हणून मुंबईच्या पावसाळ्यात बंबाचे पाणी निदान कोमट होते, परावर्तक मात्र निरुपयोगी ठरतो.

स्वाध्याय : आपल्या सोसायटीला कोणता संकलक योग्य ठरेल? सकारण लिहा.