प्रगतिपत्रकावर सही करण्यापूर्वी

प्रगतिपत्रक हाती आले की आपण आधी गणित-इंग्रजीचे गुण पाहतो. पण त्यात आणखीही काही शेरे असतात. ‘गटात मिसळत नाही’, ‘राग आवरत नाही’, ‘स्वतःहून बोलत नाही’. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सुचवलेल्या समग्र प्रगती पत्रकात तर शिक्षकांबरोबर मूल स्वतः आणि त्याचे सोबतीही असे मूल्यमापन करतात.

जागतिक आरोग्य संघटनेने दहा जीवनकौशल्ये सांगितली आहेत. दुसऱ्याची भावना ओळखणे, राग आणि ताण सांभाळणे, निर्णय घेणे ही त्यांतलीच. ती शिकता येतात. म्हणून असा शेरा रक्तगटासारखा कायमचा नसतो. आज मोजलेल्या तापासारखा असतो. ताप दिसला की आपण कारण शोधतो, मुलाला रागावत नाही.

आमच्या अभ्यासिकेत सहावीतला एक मुलगा ‘गटकार्यात सहभाग कमी’ असा शेरा घेऊन आला. वडील चिडले होते, “घरी तर दिवसभर बडबड करतो!” आम्ही त्याला बाजूला बसवून विचारले, “तुला काय वाटतं, हे बरोबर लिहिलंय का?” बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “गट पाडतात तेव्हा मला कुणी घेतच नाही.” आईवडील शाळेत जाऊन बोलले. तेव्हापासून बाई स्वतः गट पाडतात.

मुलाशी बोलताना आपण एवढे करूया :

१. भावंडे, शेजारी यांच्यासमोर शेरे वाचू नका. घर एका खोलीचे असेल तर बाजाराला जाता-येता बोला.

२. आधी त्याचे ऐका. ‘असं का लिहिलं असेल?’ असे शांतपणे विचारा.

३. चांगले काय ते प्रसंगासह सांगा. ‘धाकटीला रोज शाळेत नेतोस, ही मोठी जबाबदारी आहे.’

४. ‘तू रागीटच आहेस’ म्हणू नका. ‘राग येण्याआधी काय झालं होतं?’ असे विचारा.

५. सुधारायला एकच गोष्ट निवडा. उदाहरणार्थ, दिवसातून एकदा वर्गात हात वर करणे. महिन्याने पुन्हा बोला.

शेऱ्यामागे चिडवणे, मारहाण किंवा जातीवरून दूर ठेवणे असेल, तर मुलालाच ‘तू बदल’ सांगू नका. शिक्षकांना भेटा. शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा. शिक्षणहक्क कायदा २००९ नुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या या समितीत किमान पाऊण हिस्सा पालकांचा असतो.

झोप, जेवण दोन आठवडे बिघडलेले असेल, मूल शाळेचे नावही काढू देत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. ‘जगायचं नाही’ असे बोलले तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास चालू असतो.

पुढच्या वेळी प्रगतिपत्रक घरी आले की सही करण्याआधी दहा मिनिटे मुलाशेजारी बसूया.