अभ्यासपाठ : मदत फक्त मुलींनाच का?

शास्त्रपाठ : गणना 27:1-11, 36:1-12

सलाफहादाला मुलगा नव्हता, म्हणून त्याच्या पाच मुलींना वतन मिळणार नव्हते. त्या मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि देवाने त्यांचे म्हणणे रास्त ठरवले. पुढे त्यांच्या कुळातील पुरुषांनी आपली अडचण मांडली. तीही देवाने रास्त ठरवली. मुलींचे वतन मात्र परत घेतले नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या मुलींच्या शिक्षण-मदतीकडे याच नजरेने पाहू या. 2011 च्या जनगणनेत देशातील आदिवासी पुरुषांत साक्षरता 68.5 टक्के होती, स्त्रियांत 49.4 टक्के. पैसा एकालाच पुरला, तर पाड्यावर बहुधा मुलगा शाळेत जातो. मुलगी धाकटी भावंडे सांभाळते. तिच्यासाठी वेगळी मदत ठेवणे हा पक्षपात नव्हे.

पण आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेला तिचा भाऊही शाळेला मुकतो. "याचं काय?" असे बापाने विचारले, तर तोही रास्त प्रश्न आहे. मुलीचा वाटा कमी न करता भावासाठी वह्या-पुस्तके आणि संध्याकाळचा अभ्यासवर्ग आपण देऊ शकतो.

मननासाठी : आपल्या मंडळीत कोणाचे म्हणणे अजून ऐकले गेले नाही?