प्रमाणपत्र भिंतीवर, फील्ड वाऱ्यावर

सर्व्हेच्या धंद्यात चांगला सुपरवायझर तयार व्हायला वर्षं लागतात. खरा फॉर्म भरणारा मुलगा किंवा मुलगी सापडायला त्याहून जास्त वेळ लागतो. आयएसओचं प्रमाणपत्र मात्र आठवड्यात मिळतं. थट्टा नाही करत. मिळालेलं मी पाहिलं आहे.

मी पेठ वडगावची. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात बरीच वर्षं घरोघर फिरून फॉर्म भरले, पुढे टीम सांभाळली. चहा, साबण, दुधाची पिशवी, ट्रॅक्टरचं ऑइल, मोबाईलचं रिचार्ज, सगळ्याचे सर्व्हे केले. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी साखळी सांगते. माल विकणारी कंपनी मुंबई-पुण्याच्या मोठ्या रिसर्च कंपनीला काम देते. ती ते फील्ड एजन्सीला देते. एजन्सी जिल्ह्यातल्या छोट्या एजन्सीला देते, ती सुपरवायझरला, आणि सुपरवायझर शेवटी त्या मुलीला, जी टॅब घेऊन तुमच्या दारात उभी राहते आणि विचारते, "काकी, पाच मिनिटं आहेत का?" पाच मिनिटं म्हणायचं आणि पाऊण तास बसायचं, हीही आमच्या धंद्यातली जुनी खोड. या साखळीतला प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो आणि दर्जाची जबाबदारी खाली ढकलतो.

अशाच एका एजन्सीचं काम मी घेतलं होतं. नाव सांगत नाही. ऑफिसात शिरलं की समोरच सोनेरी किनारीच्या चौकटीत आयएसओ ९००१:२०१५. साहेब लोक आले की खुर्ची अशी ठेवली जायची की नजर तिथेच जावी. मी एकदा हिशेब बघणाऱ्या मुलाला विचारलं, "ऑडिटर कधी आला होता रे? आम्हाला कुणी काही विचारलं नाही." तो हसला. "ऑडिटर कशाला येतोय वो ताई. पैसे भरले, मेलवर पीडीएफ आलं, आम्ही प्रिंट काढून फ्रेम केली."

काम मसाल्यांचं होतं. घरात तिखट कोण करतं, तयार चटणी कुणाची घेता, महिन्याला किती लागते, असे प्रश्न. वडगाव शहर माझ्या टीमकडे होतं. सेनापती धनाजी जाधवांची समाधी हा आमचा एक स्टार्टिंग पॉइंट. तिथून उजव्या हाताने निघायचं, ठरावीक घरं सोडत जायचं, ज्या घरात माणूस भेटला नाही तिथे पुन्हा जायचं. आसपासची गावंही मलाच मिळणार असं बोलणं झालं होतं. प्रत्यक्षात ती एजन्सीने परस्पर दुसऱ्या कुणाला देऊन टाकली. मला कळवलं नाही, वरच्या रिसर्च कंपनीलाही नाही.

डेटा वर गेला आणि थोड्याच दिवसांत फोन आला: सगळं काम रद्द. का, ते नंतर त्या रिसर्च कंपनीच्या क्वालिटीच्या माणसाने मला सविस्तर सांगितलं, आणि या सगळ्यात मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

पहिली गोष्ट, गावांतले बरेच फॉर्म सोमवारी दुपारचे होते. वडगावचा बाजार सोमवारचा, जनावरांचा बाजारही त्याच दिवशी. आजूबाजूच्या गावांतली निम्मी माणसं त्या दिवशी इथे असतात. आणि या फॉर्मांत अकरा ते दोनच्या दरम्यान प्रत्येक घरात घरधनी हजर, एकाही दाराला कुलूप नाही, एकही "आत्ता नको, नंतर या" नाही. दुसरी गोष्ट, अर्ध्या तासाचा फॉर्म सहा-सात मिनिटांत संपलेला. तिसरी, टॅबमधलं ठिकाण गावागावांतलं नव्हतं. किणी टोल नाक्याच्या बाजूला महामार्गावर एकाच जागी सगळे ठिपके. चौथी मला फार आवडली. आमच्याकडे घराचा आर्थिक स्तर ठरवायला २०११ पासून एक पद्धत वापरात आली, कुटुंबातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि अकरा गोष्टींची यादी: वीज, पंखा, गॅस, दुचाकी, टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, मोटार, एसी आणि शेतजमीन. बसल्या जागी फॉर्म भरणाऱ्याने उसाच्या पट्ट्यातल्या घरामागून घराला शेतजमिनीपुढे "नाही" केलं होतं. शहरात वाढलेला कुणीतरी असणार. शेवटी मोकळ्या उत्तराच्या जागी दहा बायकांच्या तोंडी तेच वाक्य, चुकीच्या त्याच ऱ्हस्व-दीर्घासकट.

खऱ्या फील्डचा कागद नीटनेटका नसतो. त्यात नकार असतात, कुलपं असतात, अर्धवट सुटलेला फॉर्म असतो, "सासूबाई आल्या म्हणून थांबवलं" अशी नोंद असते. जिथे शंभरातली शंभर घरं बोलली, तिथे कुणी गेलंच नव्हतं असं खुशाल समजावं.

आमच्या टीमचे फॉर्म बॅकचेकमध्ये, म्हणजे त्याच घरांत दुसऱ्यांदा विचारून केलेल्या तपासणीत, बरोबर निघाले. पण प्रोजेक्ट एकच, म्हणून पैसे सगळ्यांचेच थांबले. एजन्सीने वर सांगितलं की ग्रामीण टीमने घोळ घातला, आणि मुलींना सांगितलं की कंपनीने पैसे दिले नाहीत. ते पैसे आजवर आलेले नाहीत.

आता प्रमाणपत्राचं. मुळात आयएसओ ही जिनिव्हातली संस्था स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही. ती फक्त मानकं लिहिते. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था वेगळ्या, आणि त्या संस्था नीट काम करतात की नाही हे तपासून त्यांना मान्यता देणारी तिसरीच पायरी असते. भारतात हे काम क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या अखत्यारीतलं एनएबीसीबी हे मंडळ करतं. परदेशातही अशी मंडळं आहेत आणि त्यांची एक आंतरराष्ट्रीय साखळी आहे. म्हणून प्रमाणपत्र हातात आलं की आधी खालच्या कोपऱ्यात बघायचं, मान्यता देणाऱ्या मंडळाचं चिन्ह आहे का. नुसतं प्रमाणपत्र देणाऱ्याचं चकचकीत बोधचिन्ह असेल तर ते त्याने स्वतःच स्वतःला दिलेलं मोठेपण आहे. मान्यताप्राप्त व्यवस्थेत ऑडिट दोन टप्प्यांत होतं, मग दर वर्षी पाहणी आणि तीन वर्षांनी पुन्हा पूर्ण तपासणी. आणि जी संस्था तुम्हाला कागदपत्रं तयार करून द्यायचा सल्ला विकते, तीच तुमचं ऑडिट करू शकत नाही. "कन्सल्टन्सी, ऑडिट, सर्टिफिकेट, सगळं आमच्याकडेच" अशी जाहिरात दिसली की पुढे वाचायची गरज नाही.

दुसरं, ९००१ हे कुठल्याही धंद्याचं मानक. फौंड्रीला चालतं, शाळेला चालतं, सर्व्हे करणाऱ्यालाही. ते खरं असलं तरी एवढंच सांगतं की कंपनीकडे कामाची काही एक शिस्त आहे. दारात गेलेल्या मुलीला कुणी शिकवलं, तिचे फॉर्म कुणी तपासले, अशा सर्व्हेच्या खास तपशिलात ते जात नाही. त्यासाठी वेगळं मानक आहे: आयएसओ २०२५२. ते पहिल्यांदा २००६ साली आलं, २०१२ मध्ये सुधारलं आणि २०१९ मध्ये पुन्हा नव्याने मांडलं गेलं. ऑनलाइन पॅनेलसाठी २००९ पासून जे स्वतंत्र मानक होतं तेही त्यात सामावून घेतलं. नमुना कसा निवडला, फील्डवर्क, प्रत्यक्ष आणि डिजिटल निरीक्षण, लोकांनी स्वतः भरायचे फॉर्म, डेटाची हाताळणी, असे त्याचे वेगवेगळे भाग आहेत आणि कंपनीला जे काम ती करते त्यापुरतेच भाग लागू होतात. इथेच आणखी एक खाच आहे. नुसत्या डेटा प्रक्रियेपुरतं प्रमाणपत्र घेतलेली कंपनी ते फील्डच्या कामासाठी दाखवू शकते, आणि बघणारा "२०२५२" एवढंच वाचतो. प्रमाणपत्रावर व्याप्तीची ओळ असते. ती वाचा. पत्ता कुठल्या ऑफिसचा आहे तोही वाचा; मुंबईच्या ऑफिसला मिळालेलं प्रमाणपत्र कोल्हापूरच्या शाखेला आपोआप लागू होत नाही.

या मानकातलं मला सर्वांत कामाचं वाटलेलं कलम साधं आहे: काम बाहेर दिलं तर ग्राहकाला ते कळलं पाहिजे. आमच्या प्रकरणात एवढं एकच पाळलं गेलं असतं तरी गावांचं काम कुणाकडे गेलं हे पहिल्याच दिवशी उघड झालं असतं.

फील्डचं काम दुसऱ्यांदा तपासायची अक्कल परदेशातून आली असं कुणी समजू नये. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये तागाच्या पिकाची नमुना पाहणी केली तेव्हा एकाच भागात दोन स्वतंत्र टीम पाठवायची रीत बसवली. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर कुणाच्या तरी कामात खोट. ही १९३०च्या दशकातली गोष्ट, आयएसओच्या जन्माच्याही आधीची. आपल्या कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटने केली, तिथले संशोधक सोवनी यांचा तिच्यावरचा पहिला खंड १९४८ साली निघाला. त्या काळी ना टॅब होता ना कुणाच्या भिंतीवर चौकट. माझं मत विचाराल तर सर्व्हेचा दर्जा हा दुसऱ्यांदा त्याच दारात जाण्याची तयारी आहे की नाही यावर ठरतो, बाकी सगळी त्याची कागदपत्रं.

आणि मोठ्यांचंही सगळं आलबेल असतं असं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबईत टीआरपीचं प्रकरण निघालं. टीव्ही कोण काय बघतं हे मोजणारी यंत्रं ज्या घरांत बसवलेली असतात, ती घरं गुप्त ठेवायची असतात. त्यांतल्या काही घरांना ठरावीक चॅनेल लावून ठेवायला पैसे दिले जातात असा आरोप झाला. खटला पुढे मागे घेतला गेला, तो भाग वेगळा. पण बार्क या मोजणी संस्थेने बातम्यांच्या चॅनेलचे आकडे तेव्हा थांबवले ते थेट मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू केले. अविश्वासाचं मूळ कुठे होतं? यंत्र बसलेल्या घराच्या उंबऱ्यावर.

आता ज्यांना सर्व्हे करून घ्यायचा आहे त्यांच्याशी बोलते. आपल्या भागात चटणी, गूळ, चपला, चांदीचे दागिने करणारे कितीतरी लोक आता पुण्या-मुंबईचा बाजार बघतात आणि कुणीतरी त्यांना "आधी मार्केट सर्व्हे करा" म्हणून सांगतं. बरोबरच सांगतं. मात्र एजन्सीत गेल्यावर प्रमाणपत्राकडे बघून मान डोलवू नका. मागच्या कुठल्याही कामाची बॅकचेकची वही मागा, आधीच्या ग्राहकाचं आणि घरांचं नाव-नंबर झाकून दाखवा म्हणावं. बॅकचेक म्हणजे दुसऱ्या माणसाने त्याच घरी जाऊन किंवा फोन करून विचारायचं: कुणी आलं होतं का, किती वेळ बसलं, घरात माणसं किती. दहातल्या एका घराचा तरी बॅकचेक व्हावा असा या धंद्यातला रिवाज. वहीत सगळं "ओके" लिहिलेलं असेल तर ती वहीही बसल्या जागी भरलेली आहे. किती फॉर्म रद्द केले, कुणाला कामावरून काढलं, हे सांगणारी एजन्सी जास्त भरवशाची. तुमच्या कामाचे फील्डचे दिवस आधी मागून घ्या आणि एके दिवशी न सांगता टीमबरोबर चार घरं फिरा. मालक दारात उभा राहून ऐकतो आहे म्हटल्यावर प्रश्नावलीतली निम्मी निरुपयोगी कलमं तुम्हीच काढून टाकाल.

दराचंही बोललं पाहिजे. पाऊण तासाच्या फॉर्मला दहा मिनिटांचा दर द्यायचा आणि वर दर्जा मागायचा, हे ग्राहकाचं पाप आहे. मी एजन्सीवाल्यांइतकाच दोष त्यांना देते. फॉर्ममागे पैसे मिळणाऱ्या मुलाला दिवसात किती फॉर्म खरे होऊ शकतात याचा हिशेब कुणीही मांडू शकतं. मांडायचा नसतो, इतकंच.

छोटी एजन्सी चालवणाऱ्या आमच्यासारख्यांना २०२५२ घ्यायचं का, असं मला विचारतात. परदेशी किंवा मोठी कंपनी मागत असेल आणि खर्च झेपत असेल तर जरूर घ्या. नाहीतर आधी त्यात सांगितलेल्या गोष्टी करायला लागा: प्रत्येक नव्या मुलीचं प्रशिक्षण आणि त्याची नोंद, सुपरवायझरने सोबत जाऊन पाहिलेले इंटरव्ह्यू, रद्द फॉर्मचा हिशेब, लोकांचे फोन नंबर कुठे आणि किती दिवस ठेवतो याचा कागद. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे हा शेवटचा कागद आता शोभेचा राहिलेला नाही. १९८८ साली स्थापन झालेल्या मार्केट रिसर्च सोसायटी ऑफ इंडियाची आचारसंहिता आहे, ती मिळवून वाचा. आठवड्यात मिळणाऱ्या चौकटीवर घालवायचे पैसे त्यापेक्षा टीमच्या प्रवासभाड्याला द्या.

आणि सुट्टीत, कॉलेज करता करता हे काम धरणाऱ्या मुलामुलींनो, टॅब हातात घ्यायच्या आधी चार ओळी लिहून घ्या: फॉर्मचा दर, प्रवासखर्च, पैसे कोणत्या तारखेला, आणि दुसऱ्या टीमचं काम रद्द झालं तर बॅकचेकमध्ये पास झालेल्या तुमच्या फॉर्मचे पैसे मिळणार की नाही. व्हॉट्सअॅपवर लिहून आलं तरी चालेल. लिहून द्यायला जो नाही म्हणेल, त्याचं काम घेऊ नका.